भजनाच्या मापाचं सॉफ्टवेअर

बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की पडद्यावर कुठेतरी १२० हा आकडा दिसतो. मिनिटाला १२० ठोके, चार-चारचा ताल आणि त्या हिशेबानं आखलेल्या उभ्या रेघा. तुम्ही अजून माईकची वायरसुद्धा जोडलेली नसते. पण तुम्ही काय वाजवणार हे त्या सॉफ्टवेअरनं ठरवून टाकलेलं असतं. लय सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहणार, वाद्यं एकेक करून भरली जाणार आणि चुकलेला तुकडा रेघेला रेघ जुळवून बदलता येणार. स्टुडिओत बसून जाहिरातीची जिंगल करणाऱ्याला हे सोयीचंच असतं. नंदगडात एकादशीचं भजन रेकॉर्ड करायला बसलेल्याची मात्र पहिल्या अभंगालाच पंचाईत होते.

नंदगड हे बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं बाजाराचं गाव. भाताचा मुलूख. लांबच्या माणसाला गावाचं नाव माहीत असतं ते इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णामुळे. २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी त्याला इथं फाशी दिली आणि समाधीवरच्या वडाच्या दर्शनाला आजही माणसं येतात. त्याच्या पराक्रमाची कन्नड गीगी पदं ऐकलेली माणसं संध्याकाळी मराठी भजनाला टाळ घेऊन बसतात. सीमाभागात हे काही नवल नाही. इथल्या पेटीवाल्याला तुकोबांचा अभंग आणि पुरंदरदासांचं पद यांच्यामध्ये फार तर पट्टी बदलावी लागते. असल्या गावात घरचा स्टुडिओ म्हणजे माजघराशेजारची एक खोली, कुणीतरी कॉलेजसाठी घेतलेला जुना लॅपटॉप आणि हौसेनं जमवलेले दोन-चार माईक. या प्रकरणात सॉफ्टवेअरची निवड करायची आहे ती या खोलीत बसून.

आधी रेकॉर्ड काय करायचंय ते नीट बघू. भजन उभं राहतं ते ठाय लयीत. बुवा एक चरण म्हणतात, झिलकरी तो उचलतात, पखवाजी ठेका धरतो. दुसऱ्या-तिसऱ्या चरणापर्यंत लय अंगात भिनते आणि मग कुणी न सांगता ती चढत जाते. शेवटी गजराला आलं की सुरुवातीच्या दुप्पट वेग झालेला असतो आणि टाळ नुसते तुटून पडतात. ही चढत जाणारी लय हा दोष नाही, तोच त्यातला जीव आहे. आता या मंडळींच्या कानाला हेडफोन लावून मेट्रोनोमची टिकटिक ऐकवत बसा. पखवाजी दहा मिनिटांत हेडफोन काढून ठेवेल आणि म्हणेल, "हे घड्याळ बंद कर की बाबा, हात चालंना झालाय." त्याचं बरोबर आहे.

तेव्हा इथं रेकॉर्डिंगची पद्धत एकच: सगळ्यांनी एकत्र बसायचं, एकमेकांच्या तोंडाकडे बघत गायचं आणि सगळे माईक एकाच वेळी चालू ठेवायचे. सॉफ्टवेअरकडून आपल्याला काय हवं हे यातूनच ठरतं. एकाच वेळी चार माईक चार वेगळ्या ट्रॅकवर घेता आले पाहिजेत. तासन् तास न थांबता चाललं पाहिजे. लयीच्या रेघा पूर्ण बाजूला सारता आल्या पाहिजेत. जुन्या लॅपटॉपवर धाप न लागता पळालं पाहिजे, इंटरनेट नसताना उघडलं पाहिजे आणि मध्येच वीज गेली तर तोवरचं गाणं वाचलं पाहिजे. हजार इफेक्ट, दोन हजार तयार लूप, झगमगीत पडदा यांचा या यादीत कुठेही संबंध येत नाही. जाहिराती मात्र नेमक्या त्यांच्याच असतात.

यंत्रानं गाण्याला आपल्या मापात बसवायचं हे आजचं नाही. फ्रेड गाइसबर्ग नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जानचं गाणं मुद्रित करत होता, तेव्हा तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची होती. तासभर रंगणारा राग त्या तीन मिनिटांत बसवायचा म्हणून गवयांनी आलाप छाटला, चीज लवकर आणली, ताना शेवटी कोंबल्या. पुढे लोकांना त्या छाटलेल्या गाण्याचीच गोडी लागली. आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीला ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र कोमकळी लहानपणी बड्या बड्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. लोक तोंडात बोट घालत. याच मुलाचा पुढे कुमार गंधर्व झाला. तो मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकला आणि नकलेतून पार बाहेर पडला, ही गोष्ट वेगळी. सगळ्या पोरांना तसं बाहेर पडता येत नाही. आज नंदगडातल्या पोराच्या कानावर यूट्यूबवरची भजनं पडतात आणि ती त्याला हुबेहूब म्हणता येतात. त्या भजनांची लय जर सॉफ्टवेअरच्या रेघांनी आखलेली असेल, तर हा पोरगा तीच लय खरी मानून वाढणार. म्हणून कुठलं सॉफ्टवेअर घेतलं याचा मामला नुसत्या सोयीचा राहत नाही.

सुरुवातीला बहुतेकांच्या हाती येतं ते ऑडॅसिटी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि २००० साली लोकांसाठी खुलं केलं. फुकट, मुक्त, कुठल्याही जुनाट कॉम्प्युटरवर चालणारं. आजीच्या ओव्या एका माईकवर घ्यायच्या आहेत, जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची आहे, कीर्तनातला खोकला कापायचा आहे, तर ऑडॅसिटीपलीकडे बघायचं काही कारण नाही. वीज गेली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर ते स्वतःहून विचारतं, अर्धवट राहिलेलं काम परत आणू का? मोठा दिलासा आहे तो.

पण त्याच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. पहिली जुन्या फायलींची. मार्च २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीच्या आधी ऑडॅसिटी एका प्रकल्पासाठी एक छोटी फाइल आणि तिच्या शेजारी शेकडो बारीक तुकड्यांचं एक फोल्डर बनवत असे. खरा आवाज त्या फोल्डरात. पेनड्राइव्हवर नेताना लोक नुसती छोटी फाइल उचलत आणि घरी जाऊन उघडली की हाती शांतता लागे. आता सगळं एकाच फाइलमध्ये राहतं, म्हणजे हा घोटाळा मिटला. पण जुनी रेकॉर्डिंग जपून ठेवलेली असतील तर फोल्डरासकट आहेत ना, हे आजच पाहून घ्या. दुसरी गोष्ट आपल्या कामाच्या आड येणारी. विंडोजवर दोनाहून अधिक माईक व्यवस्थित घ्यायचे तर आसिओ नावाचा मार्ग लागतो. तो स्टाइनबर्ग कंपनीचा. त्याच्या परवान्याच्या अटी ऑडॅसिटीच्या मुक्त परवान्याशी जुळत नसल्यानं वर्षानुवर्षं तयार मिळणाऱ्या ऑडॅसिटीत तो घातलेलाच नव्हता. त्यामुळे चार माईक चार ट्रॅकवर घ्यायला गेलं की गाडी दोनावर अडायची. एक माणूस, एक माईक असा हिशेब असेल तर ऑडॅसिटी. भजन मंडळ आलं की दुसरीकडे वळावं.

ते दुसरं म्हणजे माझ्या मते रीपर. ज्यांनी २००० सालाच्या आगेमागे बेळगावच्या कॉम्प्युटर क्लासात चोरून विनॅम्पवर गाणी ऐकली, त्यांना त्याच्या निर्मात्याची ओळख आधीपासून आहे. जस्टिन फ्रँकेल. विनॅम्प त्याचंच. विनॅम्पची कंपनी विकून मोकळा झाल्यावर त्यानं कॉकोस नावाची छोटी कंपनी काढली आणि २००५-०६ च्या सुमारास रीपर आणलं. सगळं मिळून डाउनलोड इतकं हलकं, की गावातल्या मोबाइल डेटावरही चहा होईपर्यंत उतरतं. दुसऱ्या बाजूला अ‍ॅपलच्या लॉजिक या सॉफ्टवेअरचा पूर्ण ध्वनिसंग्रह उतरवायचा तर कित्येक जीबी लागतात. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, कुठलंही अंग कापलेलं नसतं. त्यानंतर वैयक्तिक आणि छोट्या कामासाठी परवाना ६० डॉलरचा, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास, तोही एकदाच. दरमहा हप्ता नाही. मुदत संपल्यावर पैसे भरले नाहीत तरी ते बंद पडत नाही, नुसती आठवण करून देत राहतं. ही सवलत आहे म्हणून पैसे बुडवावेत असं मात्र नाही. जो माणूस आपल्यावर इतका विश्वास टाकतो, त्याचे पैसे आधी द्यावेत.

रीपरचा चेहरा रुक्ष आहे. करडा पडदा, बारीक अक्षरं, मेनूत शिरावं तर आत आणखी मेनू. पहिल्या दिवशी माणूस वैतागतो. पण भजनाला लागणाऱ्या गोष्टी त्यात नेमक्या आहेत. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये जाऊन काळाचा पाया ठोक्यांऐवजी वेळेवर ठेवायचा, म्हणजे नंतर १२० चा आकडा कुणी चुकून बदलला तरी रेकॉर्ड झालेला आवाज जागचा हलत नाही. रेघा दाखवू नको म्हटलं की जातात, मेट्रोनोम बंद. मग उरतात ती मिनिटं आणि सेकंद. भजनाला घड्याळ लागतंच तर ते एवढंच.

आता प्रत्यक्ष बसवून बघू. चार माईक एकदम घेणारा ऑडिओ इंटरफेस लागतो. दोन माईकचे डबे सगळीकडे मिळतात, पण खरेदी करताना आकड्यांना भुलू नये. डब्यावर चार इनपुट लिहिलेले असतात आणि त्यातले माईकचे दोनच निघतात. बेरिंजरच्या यूएमसी ४०४ एचडीसारख्या डब्यावर माईकची चारही भोकं खरी असतात. पहिला माईक बुवांसमोर वीतभर अंतरावर. दुसरा पखवाजाला. पखवाजाची कणीक लावलेली धुमाची बाजू आणि शाईची बाजू यांचा आवाज अगदी वेगळा, म्हणून एकच माईक असेल तर तो मधोमध, जरा वर, दोन्हीकडे तोंड न करता ठेवायचा. तिसरा पेटीला, भात्याच्या बाजूनं नव्हे, नाहीतर गाण्यात पेटीचा श्वासच जास्त ऐकू येतो. चौथा झिलकऱ्यांच्या घोळक्यासमोर, चार-पाच फुटांवर. टाळाला माईक द्यायचा नाही. टाळ कुणाच्या परवानगीची वाट बघत नाही, तो चारही माईकांत आपोआप शिरतो. उलट टाळकऱ्यांना अशा बाजूला बसवायचं, की बुवांच्या माईकची पाठ त्यांच्याकडे येईल. कंडेन्सर माईकपेक्षा साधा डायनॅमिक माईक इथं बरा, कारण तो जवळचं तेवढंच ऐकतो. शुअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून जगभरच्या रंगमंचांवर टिकून आहे तो याच गुणावर.

रीपरमध्ये चार ट्रॅक, चारांना चार इनपुट, चारही रेकॉर्डला सज्ज. आवाजाची पातळी अशी ठेवायची की गजराच्या भरातसुद्धा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. मंडळी तालीम करताना हळू गातात आणि रंगात आल्यावर दुप्पट जोरानं, हे धरून चाला. २४ बिटमध्ये मुद्रण केलं तर पातळी कमी ठेवल्यानं काही बिघडत नाही, नंतर वाढवता येते. फाटलेला आवाज मात्र कुणालाच शिवता येत नाही. मग रेकॉर्ड दाबायचं आणि दोन-तीन तास बटणाला हात लावायचा नाही. प्रत्येक अभंगाच्या सुरुवातीला फक्त एम हे अक्षर दाबायचं. रेकॉर्डिंग चालू असतानाच त्या जागी खूण पडते. दुसऱ्या दिवशी त्या खुणांच्या आधारे प्रत्येक अभंगाचा प्रदेश आखून नाव दिलं, की सगळे अभंग आपापल्या नावाच्या वेगळ्या फायली होऊन एका झटक्यात बाहेर पडतात. रात्रभराच्या भजनातून पंचवीस अभंग निवडून काढायला लागणारे दोन दिवस यानं वाचतात.

जागेचा हिशेबही करून ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर एका माईकचं तासाभराचं मुद्रण सुमारे ५२० एमबी होतं. चार माईक म्हणजे तासाला दोन जीबीच्या वर, सहा तासांचा जागर म्हणजे साडेबारा जीबी. जागर सुरू होण्यापूर्वी डिस्कवर तेवढी मोकळी जागा आहे का, हे पाहिलेलं बरं.

एकत्र बसून गाण्याचा आणखी एक फायदा आहे, तो पुस्तकांत फारसा सांगत नाहीत. घरच्या स्टुडिओची सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणून जिचं नाव घेतात, ती आवाजाची दिरंगाई. आवाज माईकमधून कॉम्प्युटरात जाऊन हेडफोनात परत यायला काही मिलिसेकंद लागतात. २५६ नमुन्यांचा बफर ४८ किलोहर्ट्झवर एका दिशेला ५.३ मिलिसेकंद घेतो. जाऊन-येऊन आणि इतर वाटखर्च धरून हा आकडा दुपटीच्या वर जातो. हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे तबलजी आपल्यापासून चार-पाच मीटर लांब बसल्यासारखा वाटतो. एकट्यानं आधीच्या ट्रॅकवर गाताना हे खुपतं आणि मग महागडा कॉम्प्युटर, महागडं सॉफ्टवेअर असा फेरा सुरू होतो. भजनाला हेडफोनच नसतात. सगळे एकमेकांना हवेतून ऐकतात. तेव्हा बफर खुशाल १०२४ वर टाका, जुन्या लॅपटॉपला दम खाऊ द्या, कुणालाही फरक कळणार नाही. पुढे कधी एकट्याचा आवाज वरून भरायचा झाला तर इंटरफेसवरचं थेट ऐकण्याचं बटण दाबा. आवाज कॉम्प्युटरात न जाता सरळ कानात येतो.

विजेचं मात्र सॉफ्टवेअरवर सोडून चालत नाही. गावाकडच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे सतत जी घूं ऐकू येते ती ५० हर्ट्झची, आणि तिच्या पाठोपाठ १००, १५० अशी तिची पिल्लं. अर्थिंग धड नाही, इन्व्हर्टर स्वस्तातला, चार्जर साधा, यांतलं एक कारण असतं. लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करून रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर भिंतीतून उपटला, की बहुतेक वेळा घूं गायब होते. वीज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी काम चालू ठेवते. डेस्कटॉपवर हे दोन्ही जमत नाही. म्हणून या भागात घरच्या स्टुडिओला डेस्कटॉपपेक्षा बॅटरी शाबूत असलेला जुना लॅपटॉप बरा, भले त्याचा प्रोसेसर मागच्या पिढीचा असो. रीपरमध्ये ठरावीक मिनिटांनी आपोआप वेगळ्या नावानं जतन करण्याची सोय आहे, ती चालू करून ठेवायची.

खोलीचं म्हणाल तर कौलारू घराला नाकं मुरडू नका. उतरत्या छपराखाली आवाज जमीन आणि छत यांच्यामध्ये आपटत घुमत नाही, तर स्लॅबच्या खोलीत तोच टणटणतो. कोपऱ्यात भाताची पोती रचलेली असतील तर ती हलवू नका. भिंतीवर दोन वाकळा टांगा. पत्र्याच्या शेडमध्ये मात्र पावसाळ्यात काही करता येत नाही. खानापूर तालुक्याचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. रेकॉर्डिंग दिवाळीनंतरच धरावं.

बाकीच्या सॉफ्टवेअरांबद्दल थोडक्यात. गणपतीच्या आणि जत्रेच्या डीजेसाठी गाणी बनवणारी पोरं एफएल स्टुडिओ वापरतात, आणि ते त्यांच्या कामाला अगदी बरोबर आहे. बेल्जियममधलं हे सॉफ्टवेअर मुळात ठोक्यांचं, एकेका चौकोनात ताल भरण्याचं. एकदा घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट. पण त्याच्या सगळ्यात स्वस्त आवृत्तीत माईकवरचं मुद्रण ट्रॅकवर मांडायची सोयच वर्षानुवर्षं नव्हती, हे विकत घेतल्यावर कळलं की चरफडायला व्हायचं. घरात अ‍ॅपलचा कॉम्प्युटर किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतं आणि शिकायला त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. लॉजिक त्याचाच थोरला भाऊ, पण तोही अ‍ॅपलच्या घरातच राहतो. क्यूबेस हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गचं, १९८९ पासूनचं, चित्रपट संगीतवाल्यांचं लाडकं. नोटेशन लिहून वाद्यवृंद रचणाऱ्यासाठी उत्तम. प्रो टूल्स मोठ्या स्टुडिओत लागतं. तुम्हाला मुंबईच्या स्टुडिओत असिस्टंट व्हायचं असेल तर ते शिका, नाहीतर त्याच्या वर्गणीत अडकू नका. नुसता मोबाइल असेल तर बँडलॅब आहे. फक्त फोनमधलं स्वयंचलित आवाज-नियंत्रण बंद करता येतंय का ते पाहा. टाळ वाजले की फोन सगळा आवाज दाबतो, बुवा पाण्याखाली गेल्यासारखे ऐकू येतात आणि टाळ थांबले की परत वर येतात.

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शंभर-दोनशे रुपयांत क्रॅक करून मिळणाऱ्या क्यूबेसबद्दल एकच. नीतीचा मुद्दा आहेच, तो बाजूला ठेवला तरी असं सॉफ्टवेअर ऐन रेकॉर्डिंगमध्ये कोसळतं आणि सोबत विषाणू आणतं. फुकट आणि पाच हजारांची दोन प्रामाणिक सॉफ्टवेअरं समोर असताना हे उद्योग कशाला?

आता सुराचं. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरात सूर सुधारणारं हत्यार मिळतं. त्याचं मूळ मोठं गमतीचं आहे. अँडी हिल्डेब्रँड हा इंजिनिअर तेलाचे साठे शोधण्यासाठी जमिनीतून परतणाऱ्या लहरींचं गणित करायचा. तेच ज्ञान वापरून त्यानं १९९७ मध्ये ऑटो-ट्यून बाजारात आणलं. हे यंत्र गाणाऱ्याचा सूर जवळच्या पियानोच्या पट्टीवर नेऊन बसवतं. आपल्या गाण्यात दोन सुरांच्या मधली वाटच गोड असते. मींड म्हणजे ती वाट, आंदोलन म्हणजे त्या वाटेवर रेंगाळणं. यंत्र तिथं पायऱ्या करून ठेवतं. पेटीच मुळात समान अंतराच्या सुरांची असल्यानं अर्धा अन्याय आधीच झालेला असतो, त्यावर डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी करून उत्तर शोधलं. घरच्या स्टुडिओत इतकं दूर जायची गरज नाही. अभंगात एक सूर किंचित उतरला असेल तर तो राहू द्या, फारच टोचत असेल तर ते कडवं पुन्हा गाऊन घ्या.

सॉफ्टवेअर कायमचं नसतं, हेही निवड करताना ध्यानात ठेवायला हवं. केकवॉक हे विंडोजवरचं जुनं, मानाचं नाव. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सन कंपनीनं त्याचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि पैसे मोजून ते घेतलेले लोक एका दिवसात अधांतरी झाले. पुढच्या वर्षी सिंगापूरच्या बँडलॅबनं ते उचललं आणि फुकट वाटलं, म्हणून निभावलं. यंत्रांचंही तेच. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि शंभराहून अधिक तासांचं मुद्रण डॅट या डिजिटल टेपवर झालं. त्या काळी डॅट म्हणजे अव्वल दर्जा. २००५ मध्ये सोनीनं डॅटची यंत्रं बनवणं बंद केलं. तरी त्या ओव्या गेल्या नाहीत. २०१७ पासून ग्रामीण भारताचा संग्रह असलेल्या ‘परी’च्या संकेतस्थळावर त्या एकेक करून लोकांसमोर येऊ लागल्या, कारण कोणती ओवी, कुणी गायली, कुठल्या गावात, याची नोंद ओवीगणिक ठेवलेली होती आणि आवाज टेपवरून वेळेत उतरवून घेतलेला होता.

नंदगडच्या खोलीतही एवढं करायला काही लागत नाही. फाइलला ‘नवीन १’, ‘फायनल’, ‘फायनल खरंच’ अशी नावं न देता तारीख, गाव, अभंगाचा पहिला शब्द, गाणाऱ्याचं आडनाव या क्रमानं नाव द्या. नाव रोमनमध्ये असलेलं बरं, कारण काही जुन्या यंत्रांवर देवनागरीच्या जागी चौकोन उमटतात. सोबत एका साध्या मजकूर-फाइलमध्ये कोण कुठे बसलं होतं, पट्टी काळी एक होती की पांढरी चार, पखवाज कुणाचा, हे लिहून ठेवा. रीपरच्या प्रकल्पाची फाइल साध्या मजकुराचीच असते, नोटपॅडमध्येही उघडते, तरी तिच्यावर विसंबू नका. एमपी३ मोबाइलवर पाठवण्यापुरती. साठवायची ती वेव्हच. काम संपलं की चारही माईकांचा आवाज चार वेगळ्या वेव्ह फायलींत काढा, चारही एकाच क्षणी सुरू होणाऱ्या आणि एकाच लांबीच्या, मध्ये बुवांनी अर्धा तास विश्रांती घेतली असली तरी ती शांतता तशीच ठेवून. अशा चार फायली पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरात एकाखाली एक ओढल्या की टाळाला टाळ जुळतो. त्यांची एक प्रत स्वतःकडे आणि दुसरी वेगळ्या डिस्कवर मंडळातल्या दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा.